फोटोतला मासा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला फोनवर विषय दिला होता, ‘अमेरिकेतील आयटी क्षेत्र आणि आपण’. मी म्हटलं, त्यातलं मला जे माहीत आहे ते आता तुमच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी माशांवर बोलू का? पलीकडे जरा वेळ शांतता. मग हळूच प्रश्न आला, “माशांवर म्हणजे... रेसिपी का?”

रेसिपी नाही. मला मासा करता येत नाही आणि मी खातही नाही. मी मासे पकडते. मिनेसोटात, तळ्यांवर, गळाने. त्यातही दोनच मासे, बास आणि मस्की. आणि आज याच विषयावर बोलायचा हट्ट धरण्याचं कारण तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. जुलै २०२१ मध्ये मी आपल्या ग्रुपवर एक फोटो टाकला होता. होडीत मी उभी, हातात जवळजवळ माझ्या खांद्यापर्यंत येईल एवढा लांब मासा, मागे निळं पाणी. दोन दिवस ग्रुपवर दुसरं काही चाललं नव्हतं. “वाघीण!”, “ही तीच का, जी बेडूक कापायला घाबरायची?”, आणि मागच्या बाकावरच्या एका सद्गृहस्थाने तर किलोचा भाव विचारला होता. आजही सकाळपासून चार जणांनी मला त्या फोटोवरूनच ओळखलं. तर त्या फोटोबद्दल मी तुम्हाला एक गोष्ट सांगितलेली नाही. ती आज सांगायची आहे. पण त्याआधी मासा समजला पाहिजे, म्हणून जरा मागून सुरुवात करते.

आपल्याकडे कृष्णेच्या घाटावर मुलं गळ टाकून बसायची, आठवतं? काठीला तंगूस, तंगुसाला थर्माकोलचा तुकडा, गळाला कणकेची गोळी. आम्ही मुली पायऱ्यांवरून बघायचो. एकदा मी काठी मागितली तर “पोरींना लागत नाही मासा” असं उत्तर मिळालं. उत्तर देणारा आज समोर बसला आहे, तो हसतोय, म्हणजे त्याला आठवतंय.

मिनेसोटात आम्ही २००९ पासून आहोत. तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘१०,००० तळी’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर ती ११,८४२ भरतात. सरकारने जाहिरातीत आकडा कमी करून सांगितल्याचं हे मला माहीत असलेलं एकमेव उदाहरण. आमचं घर मिनियापोलिसच्या पश्चिमेला, मिनेटोंका नावाच्या मोठ्या तळ्यापासून जवळ. शेजारी एक आजोबा राहतात. आजोबा मी मनात म्हणते, तोंडावर नावानेच हाक मारावी लागते, तिथली रीत. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, पत्नी गेलेली, आणि दारात एक होडी. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना त्यांनी विचारलं, याला मासे पकडायला नेऊ का? सोळा वर्षांखालच्या मुलाला तिथे परवाना लागत नाही. सोबत जाणारीला गळ टाकायचा तर लागतो. मी परवाना काढला तो सोबत म्हणून. मुलाचा उत्साह दोन उन्हाळ्यांत ओसरला. माझा ओसरला नाही.

सुरुवात बासने झाली. बासमध्येही दोन जाती, मोठ्या तोंडाचा आणि लहान तोंडाचा. मोठ्या तोंडाच्या बासचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो, लहान तोंडाच्याचा तेवढा जात नाही, ही ओळखण्याची खूण. पहिला पाणगवतात, लाकडी धक्क्यांखाली, सावलीत दबा धरून असतो, दुसऱ्याला दगडगोटे आणि नितळ पाणी लागतं. आपल्या मरळीशी स्वभाव जुळतो. तीही गवतात दडून झडप घालते आणि पिल्लांवर पहारा करते. बासमध्ये तो पहारा बाप करतो. नर तळाशी शेपटीने खळगा साफ करतो, मादी अंडी घालून निघून जाते, आणि हा अंड्यांवर परांनी पाणी वारत राहतो. पिल्लं बाहेर आली तरी काही दिवस राखण सुरू. त्या दिवसांत त्याला भूक नसली तरी समोर आलेल्या कशावरही तो तुटून पडतो. म्हणजे त्या वेळी त्याला पकडणं सोपं. आजोबांनी मला पहिल्याच वसंतात असा एक खळगा दाखवला आणि सांगितलं, “इथे टाकायचा नाही.” का, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. होडीवरून खाली बघत राहिले फक्त.

बाससाठी जे वापरतात ते बघून तुम्हाला हसू येईल. प्लास्टिकचं गांडूळ. वीतभर लांब, मऊ, जांभळं नाहीतर काळपट हिरवं. दोऱ्यात आधी बंदुकीच्या गोळीसारखं एक छोटं वजन ओवायचं, मग गळ बांधायचा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यातून थोडं आत घालून बाहेर काढायचं, गळ फिरवायचा, आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगातच लपवायचं. त्याला टेक्सास रिग म्हणतात. टोक लपलेलं असल्यामुळे ते पाणगवतात अडकत नाही. मग ते गवताच्या कडेला फेकायचं आणि हात स्वस्थ ठेवायचा. हे सगळ्यात अवघड. वजन तळाकडे जात असतं, दोरा सैल असतो, आणि बहुतेक वेळा मासा तेव्हाच घेतो. हाताला काही कळत नाही. दोरा पाण्याला जिथे टेकतो तिथे बघायचं. तो टिचकी मारल्यासारखा हलला, किंवा उगाचच बाजूला सरकू लागला, की सैल दोरा गुंडाळून घ्यायचा आणि रॉड जोरात ओढायचा. पहिले दोन महिने मी सगळे मासे घालवले, कारण मी झटका बसायची वाट बघत होते. कामावर मी दिवसभर लॉग वाचते, कुठे काय बिघडलं ते ओळीओळीतून शोधते. तो दोरा बघायची सवय लागली आणि मला वाटलं, अरे, हे तर माझंच काम.

बास हातात आला की त्याचा खालचा ओठ अंगठा आणि बोटाने धरायचा, तो शांत होतो. दात कानशीसारखे खरखरीत, टोचत नाहीत. गळ काढायचा, पाण्यात सोडायचा. मोसमाच्या शेवटी माझ्या अंगठ्याची कातडी सोलवटलेली असते, आणि ऑफिसात बास पकडणारे ते अंगठ्यावरून एकमेकांना ओळखतात.

आता आईबद्दल सांगायला हवं. आमच्या घरी ताटात मासा कधीच नव्हता, हे तुमच्यापैकी डबा वाटून खाणाऱ्यांना माहीत आहे. मी फोनवर सांगितलं की हल्ली शनिवारी मासे पकडते. आई म्हणाली, “तू खातेस?” म्हटलं, नाही, सोडून देते. इथे बरेच जण सोडून देतात. ती म्हणाली, “खायचा नाही, विकायचा नाही, सोडूनच द्यायचा, तर त्या मुक्या जिवाला धरायचं कशाला?” मी तळं, हवा, पहाट, मनाची शांतता असं काहीबाही बोलले. ती म्हणाली, “मग पहाटे जाऊन नुसतं बसावं.”

मस्कीचं वेड याच्या पुढचं. पूर्ण नाव मस्केलंज. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याचा तो राज्यमासा आहे, १९५५ पासून. तिथे हेवर्ड गावात गोड्या पाण्यातल्या मासेमारीचं संग्रहालय आहे, त्याच्या आवारात १४३ फूट लांबीचा फायबरग्लासचा मस्की उभा केलाय. लोक जिन्याने चढून त्याच्या जबड्यात उभे राहून फोटो काढतात. आम्हीही काढला.

खरा मस्की चार फुटांपर्यंत सहज वाढतो, मादी नरापेक्षा मोठी. अंग लांब, फिकट हिरवं-रुपेरी, त्यावर गडद पट्टे किंवा ठिपके. तोंड बदकासारखं चपटं आणि आत खरेखुरे दात. बासचा ओठ धरतात तसं इथे अंगठा आत घातलात तर अंगठ्याला टाके पडतील. तो आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा मासा गिळतो, कधीमधी बदकाचं पिल्लूही. आणि तो थोडे असतात म्हणूनच दुर्मीळ. मोठ्या तळ्यातही कित्येक एकरांत एखादा, तोही दिवसातला बहुतेक वेळ स्वस्थ. त्याला ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात. म्हणजे दहा हजार वेळा फेकाल तेव्हा एक.

सामान सगळं बदलतं. नऊ फुटी जाड रॉड. विणलेला दोरा, ८० पौंडांचा, म्हणजे ३६ किलो पेलेल असा. त्याच्या टोकाला दातांनी तुटू नये म्हणून पोलादी तारेचा किंवा जाड फ्लोरोकार्बनचा हातभर तुकडा. खोटं आमिष, त्याला ल्युअर म्हणतात, आपल्या कपडे धुण्याच्या ब्रशएवढं. माझा आवडता बकटेल, म्हणजे तारेवर फिरणारी पितळी पात्यांची जोडी आणि मागे चमचमत्या धाग्यांचा झुबका. पाण्यातून ओढताना पाती गरगरतात आणि तो थरकाप रॉडमधून कोपरापर्यंत जाणवतो. असं शंभर ग्रॅमचं धूड दिवसभर फेकायचं आणि ओढायचं. रात्री चमचा उचलताना हात थरथरतो.

पण मस्कीचं खरं कसब फेकीच्या शेवटी आहे. हा मासा आमिषाच्या मागे मागे येतो, घेत नाही, नुसता येतो. होडीपर्यंत येतो आणि तुमच्याकडे बघतो. म्हणून प्रत्येक फेक संपली की आमिष पाण्याबाहेर काढायचं नाही. रॉडचं टोक पाण्यात खुपसायचं आणि होडीच्या कडेला इंग्रजी आठचा आकडा काढायचा. मोठा, ऐसपैस, कारण एवढा लांब मासा छोट्या वळणावर वळत नाही. वळणावर जरा वेग वाढवायचा. मासा दिसो न दिसो, प्रत्येक फेकीला आठ काढायचा. तीनशे फेकी, तीनशे आठ. बहुतेक वेळा मागे काहीच नसतं. आणि ज्या फेकीला कंटाळून तुम्ही आमिष उचलता, त्याच फेकीला खालून एक हिरवी सावली वर येऊन थांबलेली असते.

मी इंजिनिअर, म्हणून मी तक्ता ठेवला. तारीख, तास, वारा, पाण्याचं तापमान, मागे आलेले मासे. २०१९ आणि २०२० असे दोन हंगाम. ४३ फेऱ्या, २६ मासे मागे आले, गळाला शून्य. नवरा म्हणाला, यापेक्षा मोठा टक्का तुला बारावीच्या गणितातही पडला नव्हता. (हे सर, तुम्ही ऐकू नका.)

आता फोटो.

जुलै २०२१. त्या उन्हाळ्यात मिनेसोटात कडक ऊन आणि पाऊस नाही. आमची स्वतःची जुनी सोळा फुटी होडी होती, आदल्याच वर्षी घेतलेली. आजोबांना मी बोलावलं नाही, कारण त्यांची होडी आठवडाभर पाण्याबाहेर दारात उभी दिसत होती. मला वाटलं, त्यांना बरं नसेल. नवरा, मुलगा आणि मी निघालो. होडीच्या पडद्यावर पाण्याचं तापमान दिसतं. ८१ होतं. फॅरनहाइट, आपले २७. मी ते वाचलं, तक्त्यात लिहिलं आणि रॉड उचलला.

सकाळी साडेनऊच्या सुमारास, आठच्या दुसऱ्या वळणावर, मासा आला आणि घेतला. पाण्याचा पृष्ठभागच फुटला म्हणा ना. दोन हंगाम मी ज्याची वाट बघत होते ते घडलं तेव्हा मी ओरडले, काय ओरडले ते मुलाने नंतर मला सांगितलं, इथे सांगण्यासारखं नाही. पाच-सात मिनिटं ती ओढत राहिली. ती, मादी होती. नवऱ्याने जाळ्यात घेतली. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग पक्कड सापडेना. ती खोक्यात तळाशी होती. तिहेरी गळातला एक काटा जबड्याच्या कोपऱ्यात खोल गेलेला. तो काढायला मासा होडीत घेतला. गळ निघाला. मग फूटपट्टी. ४७ इंच, चार फुटांना एक इंच कमी. मग फोटो. एक काढला, मुलगा म्हणाला, आई, तुझे डोळे मिटलेत. दुसरा काढला, त्यात सूर्य मागे. तिकडे वळले. तिसऱ्यात मासा निसटत होता. चौथा चांगला आला. तो तुम्ही पाहिलात.

पाण्यात सोडली. शेपटीजवळ धरून सरळ उभी ठेवली. कल्ले हलत होते. काही मिनिटांनी तिने शेपटी हलवली आणि खाली गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. अर्ध्या तासाने, शंभरेक मीटरवर, मुलाने बोट दाखवलं. पांढरं पोट वर. होडी जवळ नेली. पुन्हा धरली, पुन्हा सरळ केली. मी पाऊण तास पाण्यात हात घालून बसले होते. कल्ले आधी सावकाश झाले, मग थांबले.

तिला घरीही नेता आलं नसतं. मिनेसोटात बहुतेक तळ्यांवर ५४ इंचांहून लहान मस्की ठेवणं गुन्हा आहे, मेला असला तरी पाण्यातच परत टाकायचा. म्हणजे कुणाच्या पोटात जाण्याचाही मार्ग नव्हता. एवढ्या लांबीची मादी दहा-बारा वर्षांहून लहान नसते. माझ्या मुलाएवढी म्हणा. आम्ही निघालो तेव्हा सीगल जमायला लागले होते.

घरी आल्यावर मी फोनमधल्या फोटोंच्या वेळा पाहिल्या. सवय. जाळ्यातला पहिला फोटो आणि तो चौथा चांगला, यांत ३ मिनिटं ४० सेकंद. त्यातला जवळपास सगळा वेळ ती हवेत होती. आणि त्यातले कमीत कमी दीड मिनिट माझ्या मिटलेल्या डोळ्यांसाठी.

आणि त्याच रात्री, हे सगळं माहीत असताना, मी तो फोटो आपल्या ग्रुपवर टाकला. का, याचं बरं उत्तर माझ्याकडे नाही. दोन वर्षांनी लागलेला मासा होता. आणि तो घाटावरचा “पोरींना लागत नाही” ग्रुपवर होता.

पहिल्या दहा मिनिटांत जीवशास्त्राच्या बाईंचा निरोप आला. बाई, तुम्हाला आठवत असेल की नाही, मला आठवतो. तुम्ही लिहिलं होतं, “शाब्बास गं! केवढा सुंदर आहे. सोडून दिलास ना?” आणि मी लिहिलं, “हो बाई, सोडला.”

सोडला होता. खोटं त्यात एक अक्षर नाही. बाई, तुम्ही मला पूर्ण वाक्यात उत्तर लिहायला शिकवलंत. मी अर्धंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आजोबांकडे गेले. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, “पाणी किती होतं?” म्हटलं, ८१. ते म्हणाले, “माझी होडी बाहेर उभी होती ती तुला दिसली नाही?” मस्की पकडणारी जाणती माणसं पाणी ८० च्या आसपास गेलं की मस्कीवर जाणंच थांबवतात. सरकारी नियम नाही, आपसातला आहे. मी तापमान तक्त्यात लिहीत होते, आणि त्याचा अर्थ दारात उभा होता.

कारण साधं आहे. मासा झुंजतो तेव्हा त्याचे स्नायू ऑक्सिजन उरत नाही इतके राबतात, रक्तात आम्ल साठतं. ते निस्तरायला पुन्हा ऑक्सिजनच लागतो. पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी, आणि माशाची गरज मात्र तेव्हाच जास्त. त्यातच तुम्ही त्याला बाहेर काढता. बाई, कल्ल्यांची आकृती तुम्ही फळ्यावर रंगीत खडूंनी काढली होती. पाण्यात कल्ल्यांचे तंतू सुटे राहतात, हवेत एकमेकांना चिकटतात आणि निकामी होतात, असं तुम्ही सांगितलं होतं. मला त्या आकृतीला पाचपैकी पाच गुण होते. मासा पोहत गेला म्हणजे वाचला असंही नाही, तासाभराने, कधी दिवसभरानेही जातो.

आजोबांनी मला त्यांच्या तळघरातले जुने फोटो दाखवले. त्यांच्या वडिलांच्या काळातले. फळीला ओळीने टांगलेले मस्की, शेजारी टोप्या घातलेले पुरुष. उत्तरेकडच्या लीच लेकवर १९५५ च्या जुलैत, अशाच उकाड्यात, मस्की इतके लागायला लागले की त्या काळाला तिथे अजून स्वतंत्र नाव आहे. त्या वेळी सोडून देणं हा प्रकारच नव्हता. मग मासे कमी झाले. १९६६ मध्ये मिनेसोटातच ‘मस्कीज इन्कॉर्पोरेटेड’ नावाची हौशी मंडळींची संस्था निघाली, तिने पिल्लं सोडणं आणि पकडलेला मासा परत सोडणं, दोन्ही लावून धरलं. मिनेटोंकात आज जे मस्की आहेत तेही सोडलेल्या पिल्लांतूनच आलेले. आता कुणाला भिंतीवर मासा हवाच असेल तर लांबी आणि घेर मोजून देतात, कारागीर फायबरग्लासची प्रतिकृती करतो. आजोबा म्हणाले, “माझे वडील मारायचे आणि सांगायचे की मारला. तेवढं तरी होतं.” ते मला उद्देशून नव्हतं, त्यांना ग्रुपवरच्या फोटोचं माहीतही नव्हतं. पण लागलं.

त्यानंतर त्यांनी मला होडी लावायला शिकवली. म्हणजे सामान कुठे ठेवायचं ते. लांब चोचीची पक्कड उजव्या हाताला, उघड्यावर. पोलादी गळ कापणारं कटर तिच्या शेजारी, कारण खोल गेलेला गळ उपसत बसायचं नाही, कापून टाकायचा, गळ शंभर रुपयांचा असतो. जबडा उघडा धरणारा चिमटा. रबरी मुलाम्याचं मोठं, खोल जाळं, ते होडीच्या कडेला पाण्यातच ठेवायचं, मासा त्यात पोहत राहतो आणि काम तिथेच करायचं. उचलायचाच असेल तर एक हात कल्ल्याच्या झाकणाखालून, कल्ल्यांना न लावता, दुसरा पोटाखाली, आडवा. उभा टांगायचा नाही, त्याचं वजन त्याच्या मणक्याला पेलत नाही. आणि उचलताना आपण स्वतः श्वास रोखायचा. आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की तो पाण्यात गेला पाहिजे. आमिषावरचे तीन तिहेरी गळ होते, त्यांतला एक मी काढून टाकला आणि काटे पक्कडीने चेपले. मासे जास्त सुटतात. सुटू देत.

ऑगस्टमध्ये मी पाण्यावर गेलेच नाही. गेल्या काही वर्षांत जुलैचेही बरेच शनिवार मी बासवर, तेही पहाटेच, किंवा घरीच घालवते. मस्की ऑक्टोबरवर ठेवते. तेव्हा काठावरची मेपलची झाडं लाल असतात, पाणी ५५ च्या खाली, बोटं बधिर. २०२३ च्या ऑक्टोबरात मला दुसरा लागला, पहिल्याच वळणावर. मी एकटी होते. जाळ्यात घेतला, पाण्यातच ठेवला, कटरने गळाचा काटा कापला, पाठीला हात लावला. किती इंच होता ते मोजलं नाही. जाळं खाली केलं, तो क्षणभर होता तिथेच राहिला, आणि मग एका फटक्यासरशी माझ्या तोंडावर पाणी उडवून गेला. त्या दिवशी तक्त्यात मी लांबीचा रकाना रिकामा सोडला. त्याने वेळोवेळी त्रास होतो, सरासरी निघत नाही.

आईला हे सगळं मी गेल्या वर्षी सांगितलं, पहिल्या माशासकट. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आता जातेस की सोडलंस?” म्हटलं, जाते. “हं,” म्हणाली. तिचा प्रश्न अजून तसाच आहे. सोडूनच द्यायचा तर धरायचा कशाला. मला उत्तर येत नाही आणि मी जातेही. तिला पटेल असं उत्तर मिळालं तर मी तुम्हाला ग्रुपवर कळवेन, पूर्ण वाक्यात.

तर बाई, तुमच्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तर. सोडला होता, पण तो मेला. माझ्या हातून मेला, फोटोपायी मेला. हे पाच वर्षं उशिरा सांगते आहे.

संयोजकांना एक विनंती. स्मरणिकेत या भाषणासोबत छापायला तुम्ही तो फोटो मागितला होता, तो मी पाठवणार नाही. ग्रुपवरून काढून घ्या असं म्हणत नाही. तिथे आहे तो राहू दे. छापायला फोटो हवाच असेल तर आपला निरोप समारंभाचा आहे, १९९६ चा. मागची रांग, डावीकडून तिसरी. त्यातही डोळे मिटलेलेच आहेत, पण तेव्हा फोटोग्राफरने दुसरा काढला नव्हता.